फणस नक्की कोणाचा?

जुलैत गावाहून फोन आला, "गडगा बसला."

गडगा म्हणजे जांभ्याचे दगड नुसते एकावर एक रचून घातलेली हद्दीची भिंत. चुना नाही, सिमेंट नाही. पावसात मागची माती फुगली की चार-पाच हातांचा तुकडा पोट काढतो आणि एका रात्रीत खाली बसतो. फारसा आवाजही होत नाही. सकाळी शेजारची कोंबडी आपल्या ओटीवर दिसली की समजायचं.

आता तो उचलायचा कोणी? आजोबांच्या वेळी याला उत्तर ठरलेलं होतं: गडगा आम्ही सांभाळायचा, वरची वई, म्हणजे फांद्या खोचून केलेलं कुंपण, शेजारच्या काकींच्या सासऱ्यांनी. भात कापून झालं की गुरं मोकाट सुटायची, त्याआधी दोघांनी आपापलं काम उरकायचं. वईला निगडी, अडुळसा, मोगली एरंड. गुरं ज्याला तोंड लावत नाहीत ते सगळं. खोचलेली फांदी पावसात पालवते, बुंधा धरते, मग पुढच्या वर्षीची तिच्या जरा पुढे खोचावी लागते. अशी वई बोट-बोट सरकत जाते. कुंपणच शेत खातं ही म्हण ज्याने केली, त्याचं शेत बहुधा कोकणात असावं.

मलाही तोच संशय. मुंबईत राहणाऱ्या माणसाला गावची जमीन दर वर्षी थोडी आखडल्यासारखी वाटतेच. शिवाय गडग्याला लागून आमचा फणस. कापा जातीचा, आजोबांनी लावलेला. त्याचीच मुळं दगड ढकलत होती, म्हणून तो तोडावा असंही मनात होतं. पण १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत फणस आहे; स्वतःच्या जमिनीतला असला तरी परवानगी काढावी लागते. म्हटलं, आधी हद्द तर नक्की होऊ दे. हद्द कायम मोजणीचा अर्ज टाकला.

भूकरमापक आले. तिपाईवर यंत्र चढलं. काकी ओटीवरून बघत होत्या. मी त्यांच्याविरुद्ध मोजणी आणली होती आणि चहा त्याच करत होत्या, त्यामुळे कपबशी कुठे ठेवावी ते मला कळेना.

"खुणेचा दगड कुठाय?" भूकरमापकांनी विचारलं.

मी इकडेतिकडे पाहिलं. काकींनी शांतपणे आमच्या विहिरीकडे बोट केलं. आमच्या तीन पिढ्यांनी ज्याच्यावर कपडे आपटले, तो सुंदर घासलेला दगड हद्दीचा होता! हद्दीच्या खुणा सांभाळणं जमीनधारकाचं काम आहे, १९६६ च्या जमीन महसूल संहितेत तसं लिहिलंय, हे भूकरमापकांनी मला ऐकवलं. मी मान हलवली. दुसरं काय करणार?

दुपारपर्यंत खुंट्या ठोकून झाल्या. गडगा काकींच्या जमिनीत अडीच फूट आत निघाला. त्यांची वई पुढे आलीच नव्हती. आमचाच गडगा दर पडझडीनंतर पलीकडे रचला जात होता. आणि खुंट्यांच्या दोरीपलीकडे, अगदी ऐटीत, बुंध्याला लटकलेल्या सात फणसांसकट तो उभा होता. आजोबांनी लावलेला. काकींचा.

दिवाळीनंतर गडगा नव्या ओळीत घातला, मजुरी अर्धी-अर्धी. मधे दोन चिरे पायरीसारखे ठेवायला काकींनीच सांगितलं, कारण येण्याजाण्याची वाट तीच होती. फणस तोडायचं नाव मी अर्थातच काढलं नाही. दुसऱ्याच्या झाडाबद्दल कशाला बोला?

मे महिन्यात त्या चिऱ्यांवरून काकी आल्या. हाताला तेल, केळीच्या पानावर गरे.

"आमच्या फणसाचे आहेत," 'आमच्या'वर जरा जोर देत त्या म्हणाल्या. मग माझ्या अंगणावर एक नजर टाकली. "वाळक्या पानांचा पातेरा मात्र तुमच्याकडे पडतो तो तुम्हीच काढायचा हो."