कपातला ग्रीन टी आणि पेट्री डिशमधला ग्रीन टी

'ग्रीन टीने कर्करोगाच्या पेशी मरतात' हे वाक्य खोटं नाही. फक्त त्या पेशी कुठे होत्या आणि त्यांच्यावर किती मात्रा ओतली, हे फॉरवर्ड करणारे सांगत नाहीत.

चहाच्या पानातल्या कॅटेचिन गटातलं सर्वांत मुबलक संयुग म्हणजे एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट, थोडक्यात ईजीसीजी. पानं खुडल्यावर लवकर वाफवली किंवा कढईत परतली की त्यातलं ईजीसीजी बदलून टाकणारं विकर (एन्झाइम) निकामी होतं आणि ईजीसीजी टिकतं. काळ्या चहात त्याचं बरंचसं थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन या दुसऱ्या संयुगांमध्ये रूपांतर होतं. (गवती चहाचा इथे काही संबंध नाही. ते हिरवं असलं तरी गवतच.)

आता हिशेब. प्रयोगशाळेत पेशींची वाढ थांबवायला बहुधा २० ते १०० मायक्रोमोलर (द्रावणातलं प्रमाण मोजायचं एकक) ईजीसीजी वापरतात. दोन-तीन कप प्यायल्यावर रक्तद्रवात मात्र एक मायक्रोमोलरसुद्धा क्वचितच सापडतं, आणि तेही काही तासांत ओसरतं. कपात ते भरपूर असतं, म्हणजे तोंड, अन्ननलिका, आतडं यांना ते भेटतं. पण आतड्यातून रक्तात फार थोडं शिरतं. स्तन किंवा प्रोस्टेटपर्यंत पोचणारं त्याहून कमी.

दुसरी गोम पेट्री डिशचीच, म्हणजे प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या बशीचीच आहे. पेशी वाढवण्याच्या द्रावणात ईजीसीजीचं ऑक्सिडीकरण होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, आणि तेही पेशी मारतं. त्यात हे पेरॉक्साइड मोडणारं कॅटालेज हे विकर घातलं की अनेकदा मारक परिणामाचा मोठा भाग नाहीसा होतो. म्हणजे पेशी मारल्या कोणी, हा प्रश्न उरतोच. कॅटालेजचा कंट्रोल (तुलनेसाठी कॅटालेज घालून केलेला प्रयोग) नसलेला शोधनिबंध मी जपूनच वाचतो.

माणसांवरचं काय? इटलीत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रोस्टेटमध्ये कर्करोगपूर्व बदल असलेले ६० पुरुष होते. रोज ६०० मिलिग्रॅम कॅटेचिन घेणाऱ्या ३० जणांपैकी वर्षभरात एकाला कर्करोग झाला, प्लासिबो (औषध नसलेली दिखाऊ गोळी) घेणाऱ्या ३० पैकी नऊ जणांना. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ९७ पुरुषांच्या चाचणीत, रोज ४०० मिलिग्रॅम ईजीसीजी देऊनही, लक्षणीय फरक दिसला नाही.

मग गोळ्यांनी मात्रा वाढवावी का? नको. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये म्हटलं की पूरक गोळ्यांतून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी घेतल्यास रक्तातली यकृताची एन्झाइम्स वाढतात, म्हणजे यकृताला इजा होत असल्याची खूण दिसते. एका कपात साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम असतं, शिवाय ते सावकाश पोटात जातं. उपाशीपोटी गोळी घेणं सगळ्यात वाईट, कारण तेव्हा रक्तातली पातळी एकदम चढते.

प्यायचाच असेल तर २०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम पानं. पाणी उकळून गॅस बंद करा, चार-पाच मिनिटं थांबा, मग पानं टाकून तीन मिनिटांनी गाळा. उकळत्या पाण्यात कॅटेचिन जास्त उतरतात, पण चहा इतका कडू होतो की साखर पडतेच. थोडं लिंबू पिळलं तर आतड्यात कॅटेचिन जास्त टिकतात. दूध घातलं की त्यातलं केसीन हे प्रथिन कॅटेचिनना धरून ठेवतं. जेवणापासून तासभर लांब प्या, नाहीतर भाजी-डाळीतलं लोह अडतं. पंडुरोग (अ‍ॅनिमिया) असलेल्यांनी हे विशेष पाळावं. आणि वाफाळता घशात ओतू नका: ६५ अंश सेल्सिअसवरची पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाशी जोडलेली आहेत.

मायलोमा या रक्ताच्या कर्करोगासाठी बोर्टेझोमिब हे औषध चालू असेल तर ग्रीन टीच्या गोळ्या पूर्ण बंद ठेवा, आणि चहाबद्दलही डॉक्टरांना विचारा. प्रयोगशाळेत आणि उंदरांत ईजीसीजी त्या औषधातल्या बोरॉनच्या गटाला चिकटून औषधच निष्प्रभ करतं, असं २००९ मध्ये दिसलं आहे.