ई५ लावलं की एफ५ येतं! एका बुद्धिबळ कोड्याचा माझा अनुभव

कोडी सोडवायची सवय असणाऱ्यांनी आधी पट मांडून घ्या, कारण खाली सगळं उत्तर फोडणार आहे आणि नंतर ओरडायचं नाही. घरांची नावं अशी: उभ्या रांगा ए ते एच, आडव्या पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८. पांढरा राजा जी१, वजीर एच५, हत्ती ए१ आणि एफ१, उंट डी३, घोडा सी३, प्यादी ए२, बी२, सी२, ई४, जी२, एच३. काळा राजा एच८, वजीर ई८, हत्ती ए८ आणि एफ८, उंट जी७, घोडा डी६, प्यादी ए७, बी७, सी६, डी४, एफ७, एच७. चाल पांढऱ्याची. मोहरे दोन्हीकडे सारखेच, प्यादीही सहा-सहा.

हे कोडं मला एका ॲपवर मिळालं. कोड्याखाली एवढंच लिहिलं होतं की काळ्याचा किल्लेकोट (कॅसलिंग करून राजाभोवती उभारलेली भिंत) खिळखिळा झालाय, हल्ला करा. ते तर दिसतंच आहे हो! कॅसलिंग केलेल्या राजासमोर एफ, जी, एच अशी तीन प्यादी हवीत, त्यातलं जी चं प्यादं गायब आहे, आणि पांढऱ्या घरांवरून फिरणारा काळ्याचा उंटही कधीच मारला गेलाय. एच७ हे पांढरं घर, म्हणजे तिथे राखायला आता फक्त राजा. माझा वजीर समोर एच५ वर, माझा उंट डी३ वर, आणि त्या उंटाच्या तिरक्या रेषेत अडथळा कुणाचा तर माझ्याच ई४ च्या प्याद्याचा. म्हणजे प्यादं ई५ वर ढकललं की उंट मोकळा, एच७ वर मात, वर डी६ च्या घोड्यावर हल्ला फुकटात. पाच सेकंदात कोडं सुटलं असं वाटतं.

आणि मग काळा एफ५ खेळतो.

ही एक चाल बघून माझं जे डोकं उठलं ते उठलं. एका साध्या प्याद्याची चाल आणि ती किती कामं करते बघा. डी३ च्या उंटाचा रस्ता परत बंद. एफ७ रिकामं झाल्यामुळे ई८ चा काळा वजीर थेट माझ्या एच५ च्या वजिराकडे बघायला लागतो. आणि त्याच वेळी डी४ चं काळं प्यादं माझ्या सी३ च्या घोड्यावर आधीपासून टपलेलं आहेच, ते तर मी विसरूनच गेले होते. मग माझ्या मनात आलं की जाता जाता मारू, आँ पासाँ (दोन घरं उडी मारून शेजारी आलेलं प्यादं एकच घर आलं असं धरून मारायचं), ई५ च्या प्याद्याने एफ६ वर. उंट पुन्हा मोकळा होईल ना! होतो की, फक्त काळा तेवढ्यात माझा वजीर उचलून घेऊन जातो. मग वजिरानेच वजीर मारला, तर त्याचा वजीर गेला तसा माझाही गेला, आणि हल्ला करायला उरलं काय? पट सपाट, खेळ बरोबरीत, कोडं चूक.

मला चीड कशाची आली सांगू का, उत्तर चुकलं याची नाही. ॲप काय करतं, चूक चाल खेळली की लाल रंग दाखवतं, रेटिंग कापतं, आणि 'हिंट' दाबलं की एफ१ च्या हत्तीभोवती एक गोल काढतं. बस. हत्ती कुठे, कशाला, माझी चाल का चुकली, काही नाही. मी तेव्हा हत्तीकडे बघत बसले आणि सगळ्या चुकीच्या गोष्टी सुचत गेल्या. हत्ती एफ४ वर न्यायचा आणि तिथून एच४ वर, पुस्तकी पद्धत, पण त्याला दोन चाली लागतात आणि तोवर डी४ चं प्यादं माझा घोडा खाऊन मोकळं होतं. हत्तीने सरळ एफ७ मारायचं? एफ८ चा हत्ती परत मारतो आणि मी नुसतीच हत्ती गमावून बसते. वजिराने एच७ वर शह? राजा खातो, कारण उंटाच्या वाटेत अजून ई४ आहेच. माझ्याकडे खेळता येण्यासारखा शह हा एवढा एकच होता आणि तोही भिकार.

इथे एक गोष्ट मध्येच सांगते, नाहीतर राहून जाईल. कोडं आलं की शह, मग मारामारी, मग धमक्या या क्रमाने बघावं असं सगळे शिकवतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण राजाची भिंत पडलेली असते तेव्हा शह देऊन त्याला पळवणं म्हणजे कित्येकदा मदतच होते. आणि पट फिरवून बघा! म्हणजे खरंच, बोर्ड उलटा करा आणि काळ्याच्या बाजूने बसा. मी हे केलं तेव्हा कुठे गाडी हलली, त्याच्या आधी बराच वेळ नुसतं डोळे फाडून स्क्रीनकडे बघणं चाललं होतं.

काळ्याच्या बाजूने बसल्यावर कळलं की बिचाऱ्याकडे खेळायला दुसरं काहीच नाही. ई५ आलं की त्याला एकच चाल वाचवते, एफ५. दुसरी कुठलीही चाल घ्या, एच६ खेळा, घोडा एफ५ वर आणा, काही करा, मात होते किंवा मोहरा जातो. म्हणजे प्रश्न 'मी मात कशी करू' हा नव्हताच, प्रश्न होता की एफ७ च्या प्याद्याला जागचं हलू कसं द्यायचं नाही. एवढं कळल्यावर एफ१ च्या हत्तीभोवतीचा तो गोल मला वेगळाच दिसायला लागला. प्याद्याच्या पुढ्यात काहीतरी ठेवायचं. एफ५ वर हत्ती ठेवला तर डी६ चा घोडा मारतो, आणि शिवाय मी माझ्याच उंटाची वाट अडवते. मग उरलं एफ६. त्याच्या उंटाच्या तोंडात, उघड उघड, राखायला कुणी नाही. दाराला बाहेरून अडसर घालावा तसा हत्ती तिथे बसवायचा.

हत्ती एफ६!

उंटाने खाल्ला तर? खाऊ दे. आता प्याद्याच्या पुढ्यात त्याचाच उंट उभा आहे, एफ५ विसरा. मी ई५ खेळते, आणि एच७ वर मात थांबवता येत नाही. एच६ केलं तर वजीर एच६ मारून शह, राजा जी८, वजीर एच७, मात. घोडा एफ५ वर टाकून वाट अडवली तर उंट घोडा मारतो आणि तीच धमकी परत उभी. आणि हत्ती सोडून त्याने सी३ चा घोडा खाल्ला तर? तेव्हाही ई५, त्याला एच६ करावं लागतं, मग हत्ती एच६ मारतो, उंट परत मारतो, वजीर एच६ ला शह, राजा जी८, वजीर एच७, मात. हे सगळं खेळून बघा, नुसतं वाचू नका. मला या फांद्या हाताने मोहरे हलवल्याशिवाय बसत नाहीत, स्क्रीनवर बाण काढून तर मुळीच नाही.

म्हणून काळा हत्ती खात नाही, राजा जी८ वर नेतो. मी ई५, तो एच६. इथपर्यंत हिरवा रंग, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते तेवढ्यात ॲपने पुन्हा एक खड्डा दाखवला.

आता डी६ वरच्या घोड्यावर माझा हत्ती आणि माझं प्यादं दोघांचा डोळा आहे, तर कुणीही तो खाऊनच टाकेल. हत्तीने खाल्ला की काळ्याचा वजीर ई५ चं प्यादं मारतो, मला वजिरा-वजिरी करावी लागते, त्याचा उंट ई५ वर येऊन माझ्या हत्तीवर बसतो, आणि सी३ चा घोडा अजून तसाच टांगलेला. हत्ती वाचवला की घोडा जातो. हिशोब केला तर एक प्यादं मागे. बरं, प्याद्याने घोडा खाल्ला तर ई फाईल (उभी रांग) उघडी पडते आणि काळ्याचा वजीर ई३ वर शह देऊन तिथूनच एच६ ची राखण करतो. हत्तीने एच६ मारलं तर एफ६ रिकामं, की आला परत तो एफ५. वजीर एफ५ वर आणून एच७ ची धमकी द्यावी तर डी६ चा घोडाच वजीर खातो.

खरी चाल निघाली घोडा ई२. मागे! सगळ्या पटावर आग लागलेली आणि मी माझा घोडा एक पाऊल मागे घेऊन बसवायचा. हे मला मान्य व्हायला थोडा वेळ लागला. पण बघा, सी३ चा घोडा टांगलेला होता म्हणूनच हत्तीने डी६ मारणं फसत होतं. तो घोडा सुरक्षित झाला की काळ्याचा तो सगळा हिशोबच कोलमडतो, आता डी६ चा घोडा खरोखर जातो. घोडा बी५ ला पळाला तर एफ५ ची राखण सुटली, वजीर एफ५ आणि एच७ वर मात. त्याने हत्ती मारला तर माझा वजीर एच६ घेतो, पुन्हा एच७, आणि त्याच्याच उंटाने एफ प्यादं अडवलेलं. काही उपाय नाही.

नंतर शोधल्यावर कळलं की हा कुणी बनवलेला पट नाही, खराखुरा खेळलेला डाव आहे. बॉबी फिशर विरुद्ध पाल बेंको, अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा, न्यूयॉर्क, १९६३-६४, ज्या स्पर्धेत फिशरने अकराच्या अकरा डाव जिंकले. एफ६ ची चाल १९ वी, ई२ ची २१ वी, आणि ती बघून बेंकोने डाव सोडला. बेंको ग्रँडमास्टर होता, त्यामुळे मी अडकले यात लाजण्यासारखं काही नाही असं मी स्वतःला सांगितलंय. आणि त्यातून एक गंमत लक्षात आली की पटावर प्रत्यक्ष मात झालीच नाही. कोड्यांनी आपल्याला मात करण्याची इतकी सवय लावलीय की घोडा मागे घेणारी चाल दिसतच नाही.

याच जातीचं अजून एक बघायचं असेल तर लास्कर विरुद्ध बाउअर, ॲमस्टरडॅम, १८८९. तिथे दोन्ही उंट एच७ आणि जी७ वर बळी देतात, हत्ती एफ३ वरून एच३ वर येतो, मात टाळायला काळ्याला वजीर द्यावा लागतो, आणि सगळ्या धुमाकुळानंतर पांढरा वजीर शांतपणे डी७ वर जाऊन बसतो आणि तिथून दोन उंटांवर एकदम हल्ला करतो. सगळे दुहेरी बळीबद्दलच बोलतात. मला विचाराल तर डी७ आधीच दिसलं नसतं तर एवढे बळी देऊन हाती फार काही लागलं नसतं.

हां, आणि एक राहिलं. अशी कोडी रेटिंगवाल्या मोडमध्ये सोडवूच नका, साध्या सराव मोडमध्ये सोडवा. घड्याळ आणि लाल रंग समोर असला की हात आपोआप ई५ कडे जातो. इंजिनही (चाली शोधून देणारं सॉफ्टवेअर) बंद ठेवा, ते एफ६ दाखवतं आणि गप्प बसतं, त्या हिंटच्या गोलासारखंच. माझं कापलेलं रेटिंग अजून परत आलेलं नाही, आणि उत्तर पूर्ण सोडवल्यावर ॲपने मला काय दाखवलं तर 'छान प्रयत्न'.