नोंद ४: सात चिरे आणि एक उलटा गिअर

घरी बांधत असलेल्या माझ्या छोट्या गाडीसाठी बाईकचं इंजिन ठरलं, असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. ते मागे घेतोय.

तेव्हा डोक्यात जुन्या केटीएम ३९० बाईकचं एका सिलिंडरचं इंजिन होतं. ३७३ सीसी, ४३ पीएस (म्हणजे अश्वशक्ती), पाण्यावर थंड होणारं, हलकं. शिवाय कॉलेजांच्या स्पर्धांसाठी पोरं बनवतात त्या फॉर्म्युला गाड्यांत ते इतकं वापरलंय की अडलं तर विचारायला माणूस मिळतो. त्याआधी अर्थातच सुझुकीची हायाबुसा. वेस्टफील्ड या ब्रिटिश कंपनीने त्या बाईकच्या १२९९ सीसीच्या इंजिनावर मेगाबुसा ही गाडी काढली तेव्हापासून हा रोग आपल्या सगळ्यांनाच जडलेला आहे. पण मला गाडी रत्नागिरी-पावस-आंबा घाट अशी चालवायचीय. तिथे पुढे चिऱ्यांचा ट्रक असतो, आणि अकरा हजार आरपीएमला त्या ट्रकमागे काहीही काम नसतं.

रविवारी खरी परीक्षा झाली. चाकं लावलेला सांगाडा दोनशे किलोच्या आसपास भरला होता. पुऱ्या गाडीचं वजन कसं लागेल बघावं म्हणून त्यात जांभ्याचे सात चिरे रचले. एकेक पस्तीस किलोचा, म्हणजे सगळं मिळून साडेचारशेच्या घरात. मग बागेतल्या पाणंदीत उतरवला. दोन्ही बाजूंना गडगे, मध्ये जेमतेम एक टेम्पो जाईल एवढी जागा. समोरून कुणी आलं असं धरून मी आणि चुलतभाऊ तो मागे, चढावर ढकलायला लागलो. चार हात सरकला, मग आमच्या चपला लाल मातीत घसरायला लागल्या आणि सांगाडा हळूच आमच्याच अंगावर यायला लागला. भावाने चाकाखाली धोंडा सरकवला म्हणून बरं. काका गडग्यावर बसून बघत होते. म्हणाले, "इंजिन कशाला घालतोस रे, बैल जुंप."

बाईकच्या गिअरबॉक्सला रिव्हर्स नसतो, हे आपण सगळे पाठ म्हणतो. पण समोर एसटी आल्यावर आपल्याकडे मागे कोण जातं, याचा विचार मी केलाच नव्हता.

तर रिव्हर्स हवाच. सोपा मार्ग म्हणजे डिफवर (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा डिफरन्शियल) रिंग गिअर, म्हणजे दातेरी कडं, बसवायचा आणि त्याला मारुतीची स्टार्टर मोटर जोडायची. मोटरची वायर न्यूट्रलच्या स्विचमधून न्यायची, म्हणजे हिरवा दिवा लागल्याशिवाय गाडी मागे जाणारच नाही. चढावर ती किती वेळ दम धरते ते याच चिऱ्यांवर बघणार आहे.

आता इंजिन. रॉयल एनफिल्ड ६५०चं दोन सिलिंडरचं इंजिन घेतोय: ६४८ सीसी, ४७ पीएस. पीएस केटीएमपेक्षा फार जास्त नाहीत. पण टॉर्क (फिरवण्याचा जोर) ५२ न्यूटन-मीटर, तोही ५२५० आरपीएमला. मूळ बाईक दोनशे किलोची, माझी गाडी दोन माणसांसह सहाशेची. एवढं ओझं उचलताना क्लच वाचवायचा तर खालचा जोर हवा.

पण या इंजिनाने आराखडाच उलटवला. लोटस सेव्हन या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीसारखं पुढे बसवून शाफ्टने ओम्नीच्या मागच्या अॅक्सलला जोडायचं, असा बेत होता. दोन अडचणी आल्या. एक, इंजिन आडवं वळवलं की दोन सिलिंडर एकामागे एक येतात, आणि हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात मागच्याला पुढच्याची गरम हवा मिळते. दुसरी मोठी. बाईकच्या चेनच्या दातेरी चक्रांना (स्प्रॉकेट) पुढे १५ आणि मागे ३८ दात, म्हणजे अडीचचं प्रमाण. ओम्नीच्या डिफचं प्रमाण जवळजवळ त्याच्या दुप्पट. साडेसात हजारांवर थांबणाऱ्या इंजिनाला हे झेपणार नाही. घाटात मजा, पण ६६ नंबरच्या हायवेवर सहाव्या गिअरमध्येही इंजिन बोंबलत राहील.

म्हणून इंजिन सीटमागे, बाईकवर असतं तसंच, आणि चेन. बाईकचं मागचं टायर १३०/७० आर१८, म्हणजे ६४ सेंटीमीटर उंच. माझं ऑल्टोचं १४५/८० आर१२, ५४ सेंटीमीटर. तेच ३८ दात ठेवले तरी चाक लहान असल्यामुळे गिअरिंग आपोआप तीनच्या आसपास जातं, वजन वाढल्यावर हवं तसंच. चुकलं तर फक्त स्प्रॉकेट बदलायचं. सीटमागे वारा लागणार नाही, तेव्हा बाजूने हवेची वाट आणि ऑइल कूलरला पंखा द्यावा लागेल. चेनला पुरं झाकण, नाहीतर भाट्याची रेती आणि खारा वारा तिला एका पावसात खाईल.

कागदांचं विचारणाऱ्यांसाठी: ब्रिटनमध्ये घरी बांधलेली एकच गाडी आयव्हीए (एकेका गाडीची सरकारी तपासणी) चाचणी देऊन रस्त्यावर येते. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ची मान्यता कारखानदारांना डोळ्यासमोर ठेवून आहे. आणि जुन्या आरसीवर नवी गाडी चढवू म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, कारण नोंदणीतल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळी गाडी त्यात चालत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. तोवर बागेची पाणंद आहे, आणि टेम्पोवर घालून ट्रॅक.

अडलंय ते चेनवर चालणाऱ्या डिफपाशी. कुणाकडे फॉर्म्युला टीमचा जुना पडून असेल तर कळवा, बेअरिंग गेलेलं असलं तरी चालेल. चिपळूणपर्यंत मी घ्यायला येतो.