साक्रीच्या भिंती

पुण्यात वाढल्यामुळे माझ्यासाठी कातळ म्हणजे वेताळ टेकडीची खाण, लाव्ह्याचे आडवे थर, विषय संपला. यंदा दिवाळीत मामाकडे साक्रीला (धुळे जिल्हा) गेले तर माळावर काळ्या उभ्या भिंती, कित्येक किलोमीटर सरळ, मधेच गायब होतात आणि पुढे परत डोकं वर काढतात. मामा म्हणे, "तू जिऑलॉजीवाली ना, सांग कोणी बांधल्या!"

तर ह्या डाइक. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा येत होता तेव्हा खालचा मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, कवच फाडून वर घुसला आणि भेगेतच थिजला. आता भेग उघडायची तर दोन्ही बाजूंचा खडक ढकलायला लागतो, मग मॅग्मा जिकडून सगळ्यात कमी दाब आहे तिकडेच खडक सरकवणार ना. म्हणजे भिंत साधारण पूर्व-पश्चिम असेल तर तेव्हा उत्तर-दक्षिण दाब सगळ्यात कमी होता. आणि आज भारत तिबेटला टेकून उत्तर-ईशान्येकडे रेटतोय, म्हणजे त्याच दिशेने सगळ्यात जास्त दाब! पूर्ण उलटं झालंय, मला हे भारी वाटतं.

पुणे-नाशिक भागातल्या डाइक मात्र कशाही पसरल्यात, ठराविक एक दिशाच नाही, म्हणजे बहुतेक इथे आडवे दाब चहूबाजूंनी सारखेच असावेत.

फॉल्ट म्हणजे जिथे खडक तुटून एकमेकांवर घसरलाय ती भेग, तिच्यावरच्या घसरण्याच्या ओरखड्यांवरूनही दाबाची दिशा काढतात. 1951 मध्ये वॉलेस आणि 1959 मध्ये बॉट, दोघांनी धरलेली गोष्ट एकच, फॉल्टच्या पृष्ठावर शिअर स्ट्रेस (पृष्ठाला समांतर घसरवणारा ताण) ज्या दिशेला जास्तीत जास्त तिकडेच खडक घसरतो. वेगवेगळ्या कलांचे बरेच फॉल्ट मोजले की तीन मुख्य दाबांच्या (सगळ्यात जास्त, मधला, सगळ्यात कमी) दिशा मिळतात, आणि मधला दाब बाकी दोघांपैकी कोणाच्या जवळचा हे सांगणारं एक गुणोत्तर. दाब नक्की किती मेगापास्कल (दाबाचं एकक) ते नुसत्या ओरखड्यांवरून कळत नाही, त्यामुळे कोणी ठोकून आकडा सांगितला की मी जरा सावध होते. डाइकचीही गंमत आहे, मॅग्मा कधी आयती जुनी भेग पकडून वर येतो आणि मग भिंत दाबाची नाही, त्या भेगेची दिशा सांगते. नर्मदा-तापीचा भेगांचा पट्टा तर फारच जुना, त्यामुळे इथेही ही शंका राहतेच.

मी फोनचा कंपास भिंतीला टेकवून बसलेले, बेसॉल्टमधल्या मॅग्नेटाइट ह्या चुंबकी खनिजामुळे आकडा सारखा हलत होता. मामा बराच वेळ बघत होता, मग म्हणाला, "अगं मावळतीकडे बघ की, नाकासमोर सूर्य बुडतोय!"