ढिल्या बाजेसारखा स्फटिक

मे महिन्यात परभणी-जालन्याकडे गच्चीवरचं सोलर पॅनेल 60 अंशांच्या पुढे सहज तापतं. मिथाइलअमोनियम लेड आयोडाइड या पेरोव्स्काइटची (सौर पॅनेलसाठी अभ्यासल्या जाणाऱ्या स्फटिकांच्या एका घराण्यातल्या पदार्थाची) रचना साधारण 54 अंशांनाच बदलते. म्हणजे त्याचं पॅनेल केलं, तर आपल्या उन्हात त्याचे अणू रोज दुपारी एक मांडणी सोडतील आणि संध्याकाळी परत तिच्यात येतील. अणूंची ही हालचाल मोजायला इकडे फ्रान्समध्ये, ग्रेनोबलच्या अणुभट्टीवर, न्यूट्रॉनचा झोत वापरतात. नांदेड-संभाजीनगरला एम.एस्सी. करणाऱ्यांसाठी त्यातलं कामाचं तेवढं लिहितो.

कसलेल्या बाजेची दोरी छेडली की ठणकते. ढिली बाज नुसती हलते आणि बसते. सिलिकॉन कसलेला: त्याच्या अणूंची कंपनं 64 मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचं एक छोटं एकक) पर्यंत जातात. पेरोव्स्काइट ढिलं: आयोडाइडचाच भाऊ असलेल्या मिथाइलअमोनियम लेड ब्रोमाइडमध्ये लेड ब्रोमाइडच्या जाळ्याची जेमतेम 20 पर्यंत, आणि त्यातल्या अष्टफलकांचं (एका शिशाभोवतीच्या सहा ब्रोमिनच्या आठ बाजूंच्या आकारांचं) कलणं तर इतकं ढिलं की फोनॉनचं, म्हणजे जाळ्याच्या ठराविक कंपनाचं, शिखर दिसतच नाही, शून्य ऊर्जेभोवती नुसता फुगवटा येतो.

पण खरी परीक्षा मोजण्याजोगा स्फटिक वाढवण्याची. न्यूट्रॉन हायड्रोजनवरून वाटेल तसे विखुरतात आणि हवा तो संकेत त्या गोंगाटात बुडतो. म्हणून हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन. ब्रोमाइडसाठी 10 मिलिलिटर डीएमएफ या द्रावकात 3.67 ग्रॅम लेड ब्रोमाइड घ्या आणि ड्युटेरियमवालं मिथाइलअमोनियम ब्रोमाइड 1.18 ग्रॅम. साध्या, हायड्रोजनवाल्या क्षाराच्या सवयीनं 1.12 तोललं की प्रमाण चुकलं. गाळून, झाकून, तेलाच्या बाथमध्ये हळूहळू 80 अंशांपर्यंत न्या. साखरेच्या पाकाच्या उलट, इथं तापवल्यावर विद्राव्यता घटते. स्फटिक गरम असतानाच बाहेर काढून टिपा. द्रावणात थंड झाला तर परत विरघळतो. हातमोजे हवेतच, डीएमएफ कातडीतून आत शिरतं. आणि हे सगळं कोरड्या पेटीत, कारण नायट्रोजनवरचं ड्युटेरियम हवेतल्या ओलाव्याशी अदलाबदल करून पुन्हा हायड्रोजन घेतं.

स्फटिक अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीनं धरा, डिंक किंवा इपॉक्सी नको. त्यातही हायड्रोजन असतो. थंड करताना 236 केल्व्हिनच्या आसपास रचना बदलते आणि एकाच तुकड्यात वेगवेगळ्या दिशांचे जुळे भाग तयार होतात. उष्णता आतून फार हळू वाहते, म्हणून घाई केली की तडाही जातो.

अणुभट्टी नसली तरी रामन वर्णपटावर, म्हणजे लेसरचा प्रकाश विखुरून कंपनं मोजण्याच्या पद्धतीनं, बरंच दिसतं. फक्त हिरवा 532 नॅनोमीटरचा लेसर वापरू नका, ब्रोमाइड स्वतःच चमकतं आणि सगळं झाकून टाकतं. 785 घ्या. 20 मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे रामनच्या एककात दर सेंटीमीटरला साधारण 160, त्यामुळे 100 च्या खालचं कापणारा नेहमीचा फिल्टर असेल तर निम्म्याहून जास्त माहिती तिथंच गेली.