उणे शंभर टक्के

मदत कक्षातल्या सहकाऱ्याने सकाळी पाठवलेल्या निरोपात एक प्रश्न होता आणि लॉगची, म्हणजे ॲप स्वतःच्या कामाची जी नोंद ठेवते तिची, एक ओळ होती. ओळ अशी : "बॅटरी -१००, चार्जिंग नाही, अपलोड पुढे ढकलले." प्रश्न असा : "बॅटरी उणे शंभर असते का कधी?" मला आधी हसू आले. मग ती ओळ त्या फोनच्या लॉगमध्ये नऊ दिवसांपासून दर पंधरा मिनिटांनी उमटत आहे हे दिसले, आणि हसू तिथेच थांबले.

आमचे ॲप जागेवर जाऊन तपासणी करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. ते छायाचित्रे काढतात, नोंदी भरतात, क्वचित आवाजाची टिपणे करतात, आणि ही सारी सामग्री ॲप सवडीने सर्व्हरवर चढवते. माणूस दिवसभर बाहेर असतो आणि संध्याकाळपर्यंत त्याचा फोन जिवंत राहावा लागतो. म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही एक साधा नियम घातला होता की बॅटरी वीस टक्क्यांच्या खाली असेल आणि फोन चार्जिंगला लावलेला नसेल, तर जड अपलोड सुरू करायचे नाही. नियम शहाणपणाचा होता, कोणाची तक्रार नव्हती. तो लिहिला मीच.

त्या सकाळी तक्रारी तीन होत्या आणि तिघेही आयफोन वापरणारे होते. एकाच्या पडद्यावर "प्रलंबित : १४३" असा आकडा होता. दुसऱ्याच्या फोनची जागा संपत आली होती. तिसऱ्याची गोष्ट सर्वांत वाईट. अपलोड होत नाही म्हणून त्याने मदत कक्षाला विचारले, मदत कक्षाने नेहमीचा सल्ला दिला की ॲप काढून पुन्हा टाका, आणि त्याने तो मनोभावे पाळला. आयफोनवर ॲप काढले की त्याने स्वतःच्या जागेत साठवलेली सामग्रीही त्याबरोबर जाते. त्याच्या आठवडाभराच्या नोंदी फक्त त्या फोनमध्येच होत्या.

आमच्याकडे धोक्याची घंटा का वाजली नाही, याचे उत्तर लाजिरवाणे असले तरी सरळ होते. आमच्या वापरकर्त्यांत अँड्रॉइडवाले बहुसंख्य, आयफोनवाले थोडे. एकूण अपलोडचा आलेख किंचित खाली आला होता, पण तसा तो एरवीही येतो. शिवाय जे पोहोचतच नाही त्याची चूक म्हणून नोंद सर्व्हरकडे होत नाही. अपलोड अयशस्वी झाले असते तर लाल ठिपका दिसला असता. इथे अपलोडचा प्रयत्नच झालेला नव्हता.

उणे शंभर कुठून आले हे कळायला मात्र वेळ लागला नाही. आयफोनवर यूआयडिव्हाइस नावाच्या वस्तूकडून बॅटरीची पातळी शून्य ते एक अशा दशांश अपूर्णांकात मिळते. ती मिळण्याआधी ॲपने "बॅटरीवर लक्ष ठेव" असे स्पष्ट सांगावे लागते, म्हणजे बॅटरी मॉनिटरिंगची खूण सुरू करावी लागते. ती सुरू नसेल तर पातळी म्हणून उणे एक परत येते आणि चार्जिंगची अवस्था "अज्ञात" अशी येते. या उणे एकचा अर्थ "माहीत नाही" एवढाच आहे. आमच्या कोडने त्याला शंभराने गुणले, वीसशी तुलना केली, आणि उणे शंभर हे वीसपेक्षा लहान आहे हे गणिताच्या दृष्टीने अगदी बरोबर ठरवून अपलोड पुढे ढकलले. चार्जरला लावूनही उपयोग नव्हता, कारण "अज्ञात" म्हणजे चार्जिंग नव्हे.

कोडे वेगळेच होते. मॉनिटरिंग सुरू करणारी ओळ आमच्या कोडमध्ये नव्हती, हे मान्य. पण ती कधीच नव्हती. मी इतिहास मागे मागे पाहत गेलो, अगदी पहिल्या दिवसापर्यंत. ओळ तेव्हाही नव्हती. मग दोन वर्षे हा नियम चालला कसा? नऊ दिवसांपूर्वीच्या आवृत्तीत अपलोडच्या फाइलमधले एक अक्षरही बदललेले नव्हते. मी एकाच फोनवर आधी जुनी आवृत्ती चालवली, पातळी आली ०.६५, मग नवी चालवली, पातळी आली -१.०. फोन तोच, कोड तोच.

आमच्याकडची एक ज्येष्ठ सहकारी शेजारी येऊन बसली. दोघांनी मिळून मॉनिटरिंगची खूण बदलणाऱ्या मूळ फंक्शनच्या नावावरच डीबगरमध्ये (चालता कार्यक्रम थांबवून तपासण्याच्या साधनात) ब्रेकपॉइंट लावला, म्हणजे त्याला कोणीही हाक मारली तरी कार्यक्रम तिथेच थांबेल. नवी आवृत्ती विनाथांबा सुरू झाली. जुनी आवृत्ती सुरू होताच पहिल्या सेकंदातच थांबली. हाका मारणाऱ्यांच्या साखळीत आमचे एकही फंक्शन नव्हते. होते ते ॲप कोसळल्याचे अहवाल गोळा करणाऱ्या एका परक्या लायब्ररीचे, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडचे. प्रत्येक अहवालासोबत बॅटरीची पातळी जोडता यावी म्हणून ती लायब्ररी सुरुवातीलाच मॉनिटरिंग सुरू करत असे. ही खूण ॲपभर सामायिक असते. एकाने सुरू केली की सर्वांना पातळी दिसते. त्या दिव्याखाली आम्ही दोन वर्षे वाचत बसलो होतो आणि तो कोणी लावला हे कधी पाहिलेच नव्हते. गेल्या आवृत्तीत आम्ही ती लायब्ररी काढून टाकली, कारण ॲपचा आकार वाढत होता आणि वापरकर्त्यांबद्दलची आम्हाला नको असलेली माहितीही ती गोळा करत होती. तो निर्णय मला आजही योग्य वाटतो.

"पण हे चाचणीत कसे दिसले नाही?" सहकारीने विचारले. या प्रश्नाचे उत्तर मला त्या क्षणी आठवले आणि आठवले नसते तर बरे झाले असते. आयफोनच्या सिम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या नकली आयफोनमध्ये, बॅटरीच नसते, त्यामुळे तिथे पातळी कायम उणे एक येते. दोन वर्षांपूर्वी नियम लिहिताना सिम्युलेटरवर अपलोड सुरूच होईना, म्हणून मी डीबग बिल्डपुरती, म्हणजे चाचणीसाठी आम्ही वापरतो त्या प्रतीपुरती, एक पळवाट घातली होती : पातळी शून्याखाली आली तर शंभर धरावी. वर टीप लिहिली होती, "सिम्युलेटरसाठी, तात्पुरते". पळवाटेची अट सिम्युलेटर ही न ठेवता डीबग बिल्ड ही ठेवल्यामुळे चाचणीच्या खऱ्या फोनांवरही ती लागू होत होती. रिलीज बिल्ड, म्हणजे वापरकर्त्यांकडे जाणारी प्रत, आम्ही लॉगिन आणि नोंद साठवणे एवढ्यापुरते पाहत असू. दोष जिथे नेमका दिसायला हवा, तिथेच मी त्याच्यावर पांघरूण घातले होते. "तात्पुरते" या शब्दाकडे सहकारीने बोट दाखवले आणि काही बोलली नाही. ते पुरेसे होते.

आमच्या प्रमुखांना हे समजावताना त्यांनी साहजिकच विचारले की फोनला स्वतःची बॅटरी किती आहे हे ठाऊक नसते का. फोनला ठाऊक असते. ॲपला विचारावे लागते. आणि फोनला तरी जे ठाऊक असते तो अंदाजच असतो. लिथियम-आयन बॅटरीत टाकीतल्या पाण्यासारखी पातळी मोजता येत नाही. पूर्ण भरलेल्या सेलचा दाब साधारण ४.२ व्होल्ट असतो, पण मधल्या मोठ्या टप्प्यात तो इतका सावकाश उतरतो की केवळ व्होल्टवरून साठ टक्के आणि पन्नास टक्के यांतला फरक सांगणे अवघड जाते. म्हणून बहुतेक फोनांत आत-बाहेर जाणाऱ्या विजेचा हिशेब ठेवणारी एक चिप असते आणि ती तापमान व बॅटरीचे वय लक्षात घेऊन टक्केवारी ठरवते. थंडीत फोन काही टक्के शिल्लक असतानाही अचानक बंद पडतो तो याच कारणाने : आतला विरोध वाढतो आणि भार पडताच दाब कोसळतो. अशा आकड्याला "वीसपेक्षा कमी" अशी काटेकोर सीमारेषा लावणे मुळातच थोडे हास्यास्पद आहे, असे मी म्हणालो. प्रमुखांनी शांतपणे विचारले, "आणि आत्ता काय करायचे?"

दुरुस्ती दोन ओळींची होती, पण नवी आवृत्ती ॲप स्टोअरच्या परीक्षणातून जाणार, मग लोक ती घेणार. दरम्यान आणखी कोणी ॲप काढून पुन्हा टाकले तर? मदत कक्षाला आम्ही तो सल्ला तत्काळ थांबवायला सांगितले. मग सहकारीच्या लक्षात आले की वीस हा आकडा ॲपमध्ये कोरलेला नाही; तो सर्व्हरवरच्या सेटिंगमधून येतो आणि ॲप उघडताना ताजा होतो. तिने कागदावर "-१०१" लिहून माझ्याकडे सरकवला.

उणे शंभर हे उणे एकशे एकपेक्षा मोठे आहे. सीमारेषा तिथे नेली, तर आमच्या चुकीच्या पातळीलाही नियम पार करता येणार होता. सेटिंगचा पडदा शून्य ते शंभरबाहेरचा आकडा घेत नव्हता, त्यामुळे तो थेट डेटाबेसमध्ये भरावा लागला. ॲपने मात्र तो निमूटपणे घेतला, कारण आलेला आकडा तपासायचीही तसदी आम्ही घेतली नव्हती. एका निष्काळजीपणाने दुसऱ्याला तारले, असे क्वचितच घडते. अँड्रॉइडवर कमी बॅटरीतही अपलोड होतील, हा तोटा आम्ही जाणूनबुजून पत्करला. पाऊण तासात पहिल्या फोनची १४३ प्रलंबित सामग्री सर्व्हरवर चढू लागली, आणि दुपारभर आम्ही आलेख वर चढताना पाहत होतो.

त्याच दुपारी अँड्रॉइडचा कोड उघडला. तिथे बॅटरीची माहिती "स्टिकी ब्रॉडकास्ट" पद्धतीने मिळते; शेवटची घोषणा यंत्रणा जपून ठेवते आणि रिकामा रिसीव्हर (घोषणा ऐकणारा कोड) देऊन विचारले तरी ती हाती येते. त्यात पातळी आणि मापाची कमाल मर्यादा असे दोन पूर्णांक असतात. पहिल्याला शंभराने गुणून दुसऱ्याने भागायचे. आधी भागले तर पूर्णांकांच्या भागाकारात उत्तर शून्य येते, या जुन्या खड्ड्यात आम्ही पडलो नव्हतो. पण दोन्ही आकडे न मिळाल्यास धरायची किंमत आम्ही उणे एक ठेवली होती, आणि उणे एकला शंभराने गुणून उणे एकने भागले की येतात नेमके शंभर. म्हणजे "माहीत नाही" या एकाच उत्तराचे आमच्या ॲपने आयफोनवर उणे शंभर केले होते आणि अँड्रॉइडवर ते भरगच्च शंभर करायला तयार होते. अँड्रॉइडवर ती वेळ आली नाही, इतकेच.

संध्याकाळपर्यंत दोन्हीकडे पातळी मिळणे आणि न मिळणे या दोन वेगळ्या अवस्था केल्या. पातळी मिळाली नाही तर अपलोड अडवायचे नाही, असे ठरले. अँड्रॉइडपुरता तर हा निर्णय यंत्रणेवरच सोडावा, असा माझा आग्रह होता. वर्कमॅनेजरला, म्हणजे अँड्रॉइडवर पडद्यामागची कामे करवून घेणाऱ्या साधनाला, "बॅटरी खालावलेली नसतानाच हे काम कर" असे सांगता येते आणि मग टक्केवारी वाचायची गरजच उरत नाही. तो बदल पुढच्या आवृत्तीवर गेला. डीबगमधली पळवाट मी स्वतः पुसली. ज्याच्या नोंदी गेल्या होत्या त्याला प्रमुखांनी स्वतः फोन केला. त्याने काही छायाचित्रे सुदैवाने फोनच्या गॅलरीतही ठेवली होती, बाकी नोंदी परत आल्या नाहीत.

रात्री दुरुस्त आवृत्ती परीक्षणाला पाठवली आणि घरी निघणार, इतक्यात चाचणी करणाऱ्या सहकाऱ्याने नवा दोष नोंदवला : "फोनवर ६३ टक्के दिसतात, ॲपचा लॉग ६५ म्हणतो." सकाळचे ०.६५ मला आठवले. तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे मी पाहिलेही नव्हते. आयफोनच्या आयओएस १७ पासून ॲपला पातळी पाच पाच टक्क्यांच्या टप्प्यांनी गोल करून दिली जाते. मी दोषाखाली तसे लिहिले, तो बंद केला, आणि डेटाबेसमधले -१०१ पुन्हा २० कधी करायचे याची आठवण म्हणून तो कागद संगणकाच्या पडद्याला चिकटवून निघालो.