पाय मोडलेली पाकोळी

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस, चालू होता. सकाळी जनावरांचा दवाखाना उघडायला गेले तर नागपूरच्या महाल भागातल्या एक आजी नातवाला घेऊन पायरीवर बसलेल्या, मांडीवर पिंजरा.

"पाहा न जी मॅडम, याचे दोन्ही पाय मोडले. काडीवर बसवलं का पडते."

पिंजऱ्याच्या तळाशी छोटी पाकोळी पोट टेकून पसरली होती. आदल्या संध्याकाळी ती वाड्याच्या अंगणात पडली. ओसरीच्या छताला पाकोळ्यांची घरटी आहेत. आजींनी ज्वारी टाकून पाहिली, दूध-पोळी चोचीला लावली. वाटेत कोणाकडे तरी दाखवलं, तर त्यांनी पायांना आगपेटीच्या काड्या लावून चिकटपट्टी गुंडाळून दिली होती. ती सोडवताना माझा जीव वरखाली होत होता. सगळा पक्षी जेमतेम 22 ग्रॅमचा, बोटं तांदळाच्या दाण्याएवढी.

एकही हाड मोडलेलं नव्हतं.

खिडकीच्या गजावर चिमणी होती. पोराला म्हटलं, बाबू, तिचे पाय बघ. तीन बोटं पुढे, एक मागे. पाय दुमडला की कंडरा ताणली जाते आणि पकड आपोआप आवळते. पाकोळीची चारही बोटं पुढेच वळतात. ती काडी धरणार कशी? मग पाकोळी त्याच्या सदऱ्याला छातीशी टेकवली. नख्या सुतात रुतवून ती उभीच्या उभी लटकली, वाड्याच्या भिंतीला लटकते तशी. पोरगा श्वास रोखून उभा.

चोचही आजींना अर्धवट तुटल्यासारखी वाटली होती. दिसायला ती टीचभरही नाही, पण हलक्या हाताने उघडली तर जबडा थेट डोळ्यांखालपर्यंत फाकतो. ज्वारी फोडायला चिमणीची जाड चोच लागते. ही उडता उडता हवेतले किडेच तोंडात घेते. पाणीही तळ्यावरून झेपावत पिते. पंख विळ्यासारखे, शेपटीच्याही पुढे जाणारे. आखूड पाय आणि एवढे लांब पंख, म्हणून सपाट अंगणातून उठणं तिला फार जड जातं. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी युरोपातल्या पाकोळ्यांवर यंत्रं बसवली, त्याचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले: काही पाकोळ्या दहा महिने जमिनीला टेकल्याच नव्हत्या. आपल्या छोट्या पाकोळ्या रात्री घरट्यात परततात, पण घडण तीच.

नोकरीच्या पहिल्या वर्षी अशीच एक पाकोळी मी दिवसभर काडीवर बसवत राहिले होते. ती वाचली नाही. ते अजून सलतं.

सेमिनरी हिल्सवरच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला, म्हणजे जखमी वन्यजीवांवर उपचार करणाऱ्या केंद्राला, फोन करून कळवलं. पंख ताणून पाहिले, दोन्ही सारखे. चोचीच्या कडेला पाण्याचे थेंब, थोडे किडे आणि खोक्यातला अंधार, दिवसभर एवढंच केलं.

संध्याकाळी आजींच्याच गच्चीवर गेलो. वर थवा चिरकत फिरत होता. हवेत फेकायचं नाही, हे पोराला तीनदा बजावलं. त्याने तळहात उंच धरला. पाकोळी मिनिटभर थरथरली, पुढे सरकली, हाताच्या कडेवरून खाली घसरली आणि कठड्याच्या जरा वरून निघून गेली.

खाली उतरताना आजींनी ओसरीत थांबून वर पाहिलं. पिसं अन् काड्या लाळेने चिकटवलेली घरटी, आत चिवचिव.

"पुढच्या हप्त्यात रंगारी येनार होता. हे सारं पाडासाठी." मग नातवाला म्हणाल्या, "त्याले फोन लाव बरं. म्हना, पावसाळा जाऊ दे."